हिरवा त्रिकोण काय सांगत नाही

रोहिण्या लागल्या की राजूरच्या पेठेत कृषी सेवा केंद्रांसमोर पाय ठेवायला जागा नसते. भाताचं बी, युरिया, घोंगड्यांच्या जागी आलेले प्लास्टिकचे कागद, आणि औषधं. कीटकनाशक, बुरशीनाशक हे शब्द आमच्याकडे पुस्तकातच राहतात. माणसं म्हणतात ‘औषध’. पातळ असलं तर ते मारायचं, पावडर असली तर चोळायची. अशाच एका सकाळी दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी अर्धी वापरलेली पुडी दुकानदारापुढे धरली.

‘‘दादा, सुनंनं काल ही बियाला हातानं चोळली. तिला चौथा महिना हाये. पोराला काय व्हायचं नाय ना?’’

दुकानदारानं पुडी उलटी करून कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं. ‘‘मावशी, त्रिकोण हिरवा हाय. हिरवा म्हंजी साधं औषध. लाल असता तर गोष्ट निराळी.’’

मावशींचं समाधान झालं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘काय वो सर?’’ मी उभा जन्म पोरांना जीवशास्त्र शिकवलेलं. पुडीवरचं नाव वाचलं, कार्बेन्डाझिम, आणि एवढंच म्हणालो की सुनेला पुन्हा हात लावू देऊ नका, दवाखान्यात जाल तेव्हा ही पुडी दाखवा, बाकीचं बघून सांगतो. ते ‘बघून सांगतो’ पुढे इतकं लांबलं की त्याचं हे पुस्तक झालं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, एवढं आधी सांगितलं पाहिजे. ती खूण म्हणजे खरं तर कोनावर उभा केलेला चौकोन. वरच्या अर्ध्यात इशाऱ्याचे शब्द, खालच्या अर्ध्यात रंग. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१चे नियम यांनी हा रंग ठरवून दिला आहे. तो ठरतो कसा? तोंडावाटे एकदाच दिलेल्या किती मात्रेला प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, यावरून. वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मरत असतील तर लाल, ५००पर्यंत पिवळा, ५,०००पर्यंत निळा, आणि त्याच्याही वर गेलं तर हिरवा. तोंडासोबत कातडीवाटे दिलेल्या मात्रेचेही आकडे धरतात, पण हिशेब तोच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक माणसं विषबाधेनं दगावली, तो मृत्यू या रंगांच्या टप्प्यातला. त्रिकोण सांगतो ते आजचं: हे पोटात गेलं तर माणूस संध्याकाळपर्यंत राहील का. मावशींचा प्रश्न आजचा नव्हताच. त्या विचारत होत्या पुढच्या जिवाचं, आणि त्याच्यासाठी पुडीवर कोणताही रंग छापलेला नाही.

आमच्या तालुक्यात हे समजावणं सोपं जावं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री जाहीर झाली ती वाण जपण्यासाठी. काळभाताचं बी काळभातच राहिलं पाहिजे, हे इथल्या कुठल्याही आजीला कळतं. बी ज्या सूचनेवरून पुन्हा तसंच उगवतं ती सूचना बिघडली, की त्याला उत्परिवर्तन म्हणतात. हा शब्द प्रत्येक वेळी वाईटच असतो असं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तुर्भ्याच्या भुईमुगाची वाणं किरणांनी मुद्दाम घडवलेल्या उत्परिवर्तनांतूनच निघाली आणि शेतकऱ्यांनी ती आनंदानं पेरली. फरक इतकाच की तिथे हजारो बिघडलेल्या रोपांतून चांगलं तेवढं निवडून बाकीचं टाकून देता येतं. माणसांच्या बाबतीत टाकून द्यायचं काय?

बिघाडाच्या तऱ्हा तीन, आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. वर्गात मी सातबाऱ्याचा दाखला देतो. उताऱ्यात गट नंबरचा एक आकडा चुकीचा पडला, की पुढच्या प्रत्येक नकलेत तो तसाच उतरतो. हा झाला जनुकातला बिघाड, एका अक्षराचा. दुसऱ्या तऱ्हेत रजिस्टराचं पानच फाटतं, कधी दुसऱ्याच रजिस्टराला शिवलं जातं. हा गुणसूत्र तुटण्याचा प्रकार. तिसऱ्यात अक्षर न् अक्षर शाबूत असतं, पण वाटणी करताना अख्खं रजिस्टर भलत्याच कचेरीत जातं: एका पेशीत गुणसूत्र जास्त, दुसरीत कमी. शिवाय बिघाड कुठल्या पेशीत झाला हेही पाहावं लागतं. अंगाच्या पेशीत झाला तर त्याच माणसाला भोवतो, कर्करोगाची वाट तिथूनही फुटते. बीजपेशीत झाला तरच वारसनोंदीत जातो. मावशींच्या प्रश्नात आणखी चौथी गोष्ट मिसळली होती. गर्भात आधीच असलेलं बाळ घडताना त्याला इजा होणं हे उत्परिवर्तन नव्हे, ती वेगळी तपासणी. एकाच औषधात दोन्ही दोष असू शकतात, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. मीही करत होतो.

रसायनानं वंशाची लिपी बदलते हे कळायला फार काळ लागला. हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांनी फळमाश्यांत उत्परिवर्तनं घडवली ती १९२७ साली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शार्लोट आउरबाख यांनी एडिंबरोत मस्टर्ड वायूनं तेच करून दाखवलं. पण औषधांची तपासणी सरसकट सुरू व्हायला स्वस्त आणि झटपट चाचणी हवी होती. ती बर्कलेच्या ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दिली. तिच्यात एक गंमत आहे, म्हणून जरा थांबतो.

साल्मोनेला हा जंतू सगळ्यांना ठाऊक आहे तो पोट बिघडवणारा म्हणून. एम्स यांनी त्याची अशी कुळं निवडली की ज्यांच्या एका जनुकात आधीच चूक आहे. त्या चुकीमुळे या जंतूला हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, आणि ते मिळालं नाही तर तो वाढत नाही. म्हणजे हा जंतू मुद्दाम पंगू केलेला. त्याची बाहेरची भिंत विरळ केलेली, म्हणजे रसायन आत शिरेल. आणि जनुकांची दुरुस्ती करणारी एक यंत्रणा काढून घेतलेली, म्हणजे झालेली इजा बुजणार नाही. अशा कोटी-दहा कोटी जंतूंची हिस्टिडीनशिवाय ताटली लावायची, त्यात संशयित औषध घालायचं, ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायची. कुणीच वाढायला नको. तरी ठिपके दिसतातच, कारण निसर्गात चूक आपोआपही दुरुस्त होते. टीए-१०० या कुळाच्या नुसत्या ताटलीवर शंभर-दीडशे ठिपके सहज येतात. औषधाच्या ताटलीवर त्याच्या दुप्पट किंवा अधिक आले, आणि मात्रा वाढवावी तसे वाढत गेले, तर समजायचं की औषध अक्षरं बदलतं आहे. या बदलांत एखादा चुकलेल्या अक्षराला पुन्हा बरोबर करतो, आणि ठिपका म्हणून तोच आपल्याला दिसतो. चूक दुरुस्त झालेली मोजून चूक करणारा पकडायचा, अशी ही उलटी चोरपकड आहे.

पण जंतूला यकृत नसतं, आपल्याला असतं. पुष्कळ पदार्थ बाटलीत निरुपद्रवी असतात आणि यकृतातून गेले की उपद्रवी होतात. म्हणून प्रत्येक ताटली दोनदा लावतात, एकदा नुसती आणि एकदा उंदराच्या यकृताचा अर्क घालून. यकृत वाटून, गुरुत्वाकर्षणाच्या ९,००० पट जोरानं फिरवून वर राहिलेलं पाणी, म्हणून त्याचं नाव एस-९. प्रयोगशाळेतल्या पोरांना हे नाव एखाद्या बसच्या नंबरासारखं पाठ असतं.

याच्या अगदी उलटं उदाहरण कॅप्टानचं. नगर-नाशिककडे द्राक्षाला आणि टोमॅटोला हे बुरशीनाशक ओळखीचं आहे. जंतूच्या ताटलीवर कॅप्टान स्वच्छ दोषी ठरतं, ठिपकेच ठिपके. मात्र यकृताचा अर्क घातला की दोष बराच कमी होतो. कारण शोधलं तेव्हा दिसलं की गंधक असलेल्या प्रथिनांशी आणि ग्लुटाथायोनशी कॅप्टान इतक्या घाईनं भिडतं, की रक्तात ते काही सेकंदांतच मोडून जातं आणि आतल्या पेशींच्या केंद्रकापर्यंत पोचायला उरतच नाही. जिवंत प्राण्यांवरच्या चाचण्या बहुतेक निर्दोष आल्या त्या त्यामुळे. मग औषध दोषी की निर्दोष? जंतूची ताटली ‘करू शकतं का’ एवढंच सांगते. ‘करतं का’ हे सांगायला त्या पेशीपर्यंत रस्ता आहे का, हे पाहावं लागतं. एकाच चाचणीचा निकाल वर्तमानपत्रात वाचून घाबरणारे आणि एकाच चाचणीचा निकाल दाखवून निश्चिंत करणारे, दोघंही मला सारखेच अर्धवट वाटतात.

आता मावशींची पुडी. कार्बेन्डाझिम हे बाविस्टीन या नावानं दोन पिढ्यांना माहीत आहे. उंदराला मारायला किलोमागे ५,००० मिलिग्रॅमही पुरत नाही, म्हणून त्रिकोणाच्या हिशेबात ते अगदी सौम्य. याच पदार्थाला युरोपीय संघाच्या वर्गवारीत आनुवंशिक दोष निर्माण करू शकणारा, आणि गर्भाला इजा करू शकणारा, असे दोन्ही शिक्के आहेत, दोन्ही ‘१ ब’ वर्गाचे. तिथली त्याची परवानगी २०१४ अखेर संपली. हिरवा त्रिकोण आणि हे दोन शिक्के एकाच पुडीवर बसतात आणि दोन्ही खरे आहेत. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी पुस्तकाचं पहिलं पान लिहिलं.

कार्बेन्डाझिम अक्षरं बदलत नाही. ते तिसऱ्या तऱ्हेचं आहे, रजिस्टरांच्या वाटणीत घोळ घालणारं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणारे बारीक धागे असतात, ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे. कार्बेन्डाझिम त्या प्रथिनाला चिकटतं आणि धागे बनू देत नाही. बुरशी मरते ती त्यामुळेच. आपल्या पेशींचं ट्युब्युलिन बुरशीच्या मानानं कमी हळवं असतं, पण तेही सुटत नाही. श्रावणात राजूरहून भंडारदऱ्याकडे जाताना कुंपणांवर लालपिवळी कळलावी फुललेली दिसते. तिच्यातलं कोल्चिसीन याच प्रथिनावर बसतं. ‘कळ लावणारी’ म्हणून सुईणी जिचा कंद वापरत, ती वनस्पती आणि बियाण्याची पावडर या पेशीच्या आत एकाच ठिकाणी घाव घालतात, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ त्या वेलीकडे बघत राहिलो होतो.

हे कांद्यावर बघता येतं, आणि कांदा तर आपल्या जिल्ह्याचा. बाटलीच्या तोंडावर कांदा असा बसवायचा की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. टोकाचे दोन मिलिमीटर कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या तीनास एक मिश्रणात टाकायचे, आम्लात मऊ करायचे, ॲसिटोकार्मिननं रंगवायचे, काचपट्टीवर ठेवून वरून अंगठ्यानं दाबायचे. दाब कमी पडला तर पेशींचा ढीग राहतो, जास्त झाला तर काच फुटते. पोरांच्या पहिल्या दहा काचा फुटतातच. नीट जमलं की सूक्ष्मदर्शकाखाली सोळा गुणसूत्रं दिसतात, आठ जोड्या. साध्या पाण्यातल्या मुळांत ती शिस्तीत दोन टोकांना सरकताना सापडतात. कार्बेन्डाझिमच्या पाण्यातल्या मुळांत ती जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरांसारखी पेशीभर विखुरलेली असतात, धागा कुठेच नाही. अल्बर्ट लेवान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांत कोल्चिसीनचं हेच चित्र टिपलं होतं. अर्थात कांदा म्हणजे माणूस नव्हे. त्याला यकृतही नाही आणि रक्तही नाही. पण ज्यानं एकदा ही विखुरलेली गुणसूत्रं डोळ्यांनी पाहिली, तो पुडी हातानं चोळत नाही.

माणसाच्या जवळ जायचं तर उंदराच्या अस्थिमज्जेची चाचणी आहे. तिथे लाल पेशी तयार होताना शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकतात. घर रिकामं करताना माळ्यावर एखादं बोचकं राहून जावं, तसा हुकलेल्या किंवा तुटलेल्या गुणसूत्राचा तुकडा आत राहतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार एका प्राण्यामागे किमान ४,००० कोवळ्या पेशी मोजाव्या लागतात. आणि औषध अस्थिमज्जेपर्यंत पोचलं होतं याचा पुरावा नसेल, तर ‘काही सापडलं नाही’ या निकालाची किंमत शून्य. कार्बेन्डाझिम या चाचणीत सापडतं. पण धागे तोडायला ठरावीक प्रमाण लागतं, त्याच्या खाली परिणाम दिसत नाही, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. अक्षरं बदलणाऱ्या पदार्थांना अशी खालची सुरक्षित पायरी सहसा मानत नाहीत. म्हणून तऱ्हा ओळखणं महत्त्वाचं. एका दिवसाच्या चोळण्यानं अमुक झालंच असेल, असं म्हणायला आधार नाही. दरसाल उघड्या हातानं चोळत राहायलाही नाही.

याच पुडीत एक पोटकलम आहे. कार्बेन्डाझिम बनवताना फेनाझिन गटातली काही अशुद्ध द्रव्यं अत्यल्प प्रमाणात तयार होतात, आणि ती मात्र जंतूच्या ताटलीवर अक्षरं बदलतात. म्हणून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा घातल्या आहेत. म्हणजे रसायनाचं नाव तेच, पण कारखाना बदलला की उत्तर बदलू शकतं. आपल्या कायद्यात कलम ९(३)खाली पहिल्यांदा नोंदणी मागणाऱ्यानं विषारीपणाची पूर्ण माहिती द्यायची असते. त्याच औषधाची नोंदणी नंतर मागणाऱ्यांना कलम ९(४)खाली त्याच अटींवर ती मिळते. त्यामुळे मालाच्या शुद्धतेवरची नजर ढिली पडली, की पहिल्याच्या चाचण्या पाचव्याच्या पुडीला लागू पडतातच असं नाही.

दुसरा चमत्कार बेनोमिलचा. हे बुरशीनाशक झाडावर आणि अंगात गेल्यावर कार्बेन्डाझिमच बनतं. ऑगस्ट २०१८च्या आदेशानं आपल्या सरकारनं बेनोमिलवर बंदी घातली. कार्बेन्डाझिम चालू राहिलं. मे २०२०मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात कार्बेन्डाझिम होतं, कॅप्टानही होतं. २०२३च्या अंतिम आदेशानं ज्यांच्यावर बंदी आली त्यांत ही दोन्ही नव्हती. बापाला हद्दपार करून मुलाला गावात ठेवलं असं म्हणावं, तर इथे खरा बाप मुलगाच आहे.

कागदावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न जगाला पूर्वीच पडला आहे. अमेरिकेतली इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही एकेकाळची मोठी चाचणीशाळा. १९७६ साली तिथे सरकारी तपासनीस पोचले तेव्हा नोंदींमध्ये ‘टीबीडी’ ही अक्षरं जागोजाग होती. अर्थ: तपासणी करता येणार नाही इतका कुजलेला प्राणी. पाण्याची नळव्यवस्था बिघडून उंदीर बुडत, त्या खोलीला कर्मचारी ‘दलदल’ म्हणत. मेलेल्या प्राण्यांच्या जागी नवे घालून आकडे पुढे चालवले जात. १९८३ साली तिथल्या तिघा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं. आज प्रत्येक चाचणीशाळेत काच न् काच, वही न् वही जपून ठेवण्याची जी शिस्त आहे, ती याच प्रकरणानंतर आली. २०११पासून भारतातल्या मान्यताप्राप्त शाळांचे निकाल त्या शिस्तीत बसतात म्हणून परदेशातही स्वीकारले जातात.

आणि कधी कधी सगळी शिस्त पाळूनही उत्तर ‘सांगता येत नाही’ असंच येतं. क्लोरपायरिफॉस हे वाळवीपासून उसापर्यंत आपल्याकडे घरोघरी. २०१९ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं म्हटलं की त्याच्या जनुकीय परिणामांबद्दलचा संशय फिटलेला नाही, त्यामुळे कुठलीही सुरक्षित पातळी ठरवता येत नाही. जानेवारी २०२०मध्ये तिथे त्याची परवानगी संपवली. दोष सिद्ध झाला म्हणून नव्हे, निर्दोषपण सिद्ध झालं नाही म्हणून. ग्लायफोसेटचा वाद वाचकांना माहीत असेल, त्याचा नुसता उल्लेख करतो: २०१५ साली दोन नामांकित संस्थांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले, याचं एक कारण असं की एकीनं बाजारातल्या तयार मिश्रणांवरच्या प्रकाशित अभ्यासांना वजन दिलं, दुसरीनं मुख्यतः शुद्ध रसायनावरच्या अभ्यासांना.

माणसांवरचे पुरावे प्रयोगशाळेत नव्हे, माणसांतच सापडतात. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावच्या कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनायचं. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. तपासणीत अनेकांचे शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य निघाले. उंदरांच्या वृषणांना या औषधानं इजा होते हे १९६१पासून छापील होतं, आणि जंतूच्या ताटलीवरही ते दोषी ठरलं. १९८०च्या दशकात हैदराबादच्या संशोधकांनी आंध्रातल्या द्राक्षबागांत फवारणाऱ्या मजुरांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांच्या पेशींत गुणसूत्रं तुटण्याचं प्रमाण न फवारणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. कोणत्या औषधानं ते झालं हे त्यातून सांगता येत नाही, कारण ती माणसं एकाच हंगामात अनेक औषधं मारत होती.

तीच गोष्ट आमच्याकडची. नोंदणीच्या चाचण्या एकेका रसायनावर होतात. राजूरच्या बांधावर सोळा लिटरच्या पंपात करप्याचं औषध, अळीचं औषध, दुकानदारानं दिलेलं टॉनिक आणि चिकटवणारं स्टिकर एकत्र जातं, पंपाच्या टोपणानं मोजून, काठीनं ढवळून. या मिश्रणाचा निकाल कुठल्याच फायलीत नाही. गेल्या हंगामात आम्ही ठरवलं की निदान कांद्याला तरी विचारू. गावात जसं कालवतात तसंच मिश्रण करून सहा बाटल्या भरल्या, शेजारी सहा साध्या पाण्याच्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पाण्यातल्या कांद्यांना बोटभर मुळं होती. मिश्रणातल्या कांद्यांची मुळं तांदळाच्या दाण्याएवढी होऊन तपकिरी पडली होती. पोरं खूश झाली, म्हणाली, सर, सापडलं. काच लावून बघितलं तर दुभंगणारी पेशी एकही नाही. मेलेल्या मुळात गुणसूत्रं मोजणार कुठली? विष इतकं कडक होतं की त्यानं आमचा प्रश्नच मारून टाकला होता. मग मिश्रण निम्मं पातळ केलं, त्याच्या निम्मं, पुन्हा त्याच्या निम्मं. पाचव्या वेळी मुळं पांढरी राहिली आणि वाढायला लागली. मोजणी तिथून सुरू केली आहे.

राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर